सेतू, तू कोट काढला नाहीस

सेतू, तू गेलास तेव्हा मला रडू आले नाही, राग आला. तेरावा झाला, पाहुणे गाडीत बसून तंजावरला परतले, तरी तो राग जागचा हललेला नाही. शाळेत इतिहास शिकवता शिकवता मी मधेच फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. मुलांना वाटते, मास्तर सनावळी आठवताहेत. मी तुझ्याशी भांडत असतो.

लोक विचारतात, कशाने गेला? मी म्हणतो, ताप होता, छातीत पाणी झाले. ऐकणारा मान हलवतो आणि पुढे जातो. खरे कारण सांगायला जावे तर या कुंभकोणात कोण विश्वास ठेवील? मुन्सफ कोर्टातला नकलनवीस, पस्तिशीचा माणूस, सगळ्या तालुक्यात मराठीत कादंबऱ्या लिहिणारा एकटा. तो डॉक्टरपुढे अंगातला कोट काढायला लाजला आणि त्या लाजेने मेला. हे मी कुणाला सांगू? तुलाच सांगतो. तुला तर ठाऊकच आहे.

तुझ्यासारख्याने या मुलखात जन्मच घ्यायला नको होता. इथे पुरुषाने उघडे असणे हीच रीत. कोर्टात झगा घालून बसणारा मुन्सफसुद्धा घरी आला की कंबरेला वेष्टी आणि खांद्यावर पंचा. देवळात जायचे तर अंगावरचे वस्त्र कंबरेला गुंडाळायचे. मुंज, लग्न, श्राद्ध, पंगत, सगळीकडे तीच तऱ्हा. आणि तू एकटा गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंगवस्त्र लपेटून ओट्यावर बसलेला. म्हाताऱ्यांना वाटे, याला बारमाही पडसे. कुणी म्हणे, इंग्रजी शिकला आणि नास्तिक झाला, देवळाची पायरी चढत नाही. तुझे देवाशी काहीएक वाकडे नव्हते. तुला सभामंडपातल्या माणसांची भीती होती.

एकदाच तू माझ्याबरोबर तिरुवलंचुळीला आलास. तिथला पांढरा गणपती समुद्राच्या फेसाचा म्हणतात, म्हणून त्याच्यावर पाणी घालत नाहीत, हात लावत नाहीत, वरून नुसती कापराची पूड शिंपतात. ते ऐकून तू दाराबाहेरूनच म्हणालास, "हा देव बरा आहे, माधू. याला कुणी न्हाऊ घालत नाही." मी हसलो होतो. तू हसला नव्हतास.

हे सगळे कुठून सुरू झाले ते तू मला पुष्कळ वर्षांनी सांगितलेस. पोलिसातली जागा होती, लेखी परीक्षेत तू पहिल्या काहींत आला होतास. मग तंजावरच्या मैदानात पोरांना सदरे उतरवून रांगेत उभे केले. गोऱ्या सर्जनाने तुझ्या छातीला फीत लावली, आकडा लिहून घेतला आणि काहीतरी पुटपुटला. त्याच्या शिपायाने ते तमिळमध्ये मोठ्याने सर्वांना सांगितले, "कोंबडीचे पिल्लू, म्हणतात साहेब!" अख्खी रांग हसली. तू मला म्हणालास, "साहेबाने काय म्हटले ते मला ऐकूच आले नाही. कदाचित तो दुसरेच काही म्हणाला असेल." इतक्या वर्षांनीही तू त्या साहेबाला संशयाचा फायदा देत होतास. स्वतःला मात्र कधी दिला नाहीस.

त्यानंतर तुझे लग्न. माझ्या मावशीच्या अंबूशी, म्हणजे मी वधूकडचा आणि वराकडचाही. तू बोहल्यावर उघडा बसलास, कारण त्यातून सुटका नव्हती. बायकांतून कुणी आत्याबाई म्हणाल्या, "अगो, आधी याला जेवू घाला, मग मंगळसूत्र बांधू द्या!" मांडव हसला. तूही हसलास. अंबू खाली मान घालून बसली होती, तेव्हा अकरा-बारा वर्षांची पोर. त्या दिवसानंतर तुझे उघडे अंग मी पाहिले नाही. आपण दोघे कावेरीवर जायचो, मी न्हायचो, तू सदरा घालून पायरीवर बसायचास.

माझी गोष्ट तुला निराळी सांगायला नको. तुझ्या बरगड्या, माझी चरबी. शाळेत पोरे मला कोळुकट्टै म्हणत, म्हणजे उकडीचा मोदक. पोटाचे मला विशेष काही वाटत नसे. पोट इकडे खाऊनपिऊन सुखी माणसाचे लक्षण. पण माझी छाती बाईसारखी लोंबते, तिचे काय करायचे? मी एक युक्ती काढली. लोक हसायच्या आधी आपण हसायचे. नदीवर सदरा काढतानाच मी ओरडायचो, "बाजूला व्हा रे, पूर येतोय!" सगळे हसायचे, आणि मग माझ्याकडे नीट कुणी बघायचे नाही.

पुढे दोघेही लिहायला लागलो आणि आपापली युक्ती कागदावरही घेऊन गेलो. तू तंजावरच्या मराठी दरबाराच्या काळातले शिलेदार लिहिलेस. प्रत्येकाची छाती ढालीसारखी, दंड गदेसारखे, उघड्या अंगाने घोड्यावर बसला की नगरातल्या स्त्रियांनी गवाक्षात गर्दी करायची. मी लग्नसमारंभात करायची प्रहसने लिहिली. त्यांत एक जाडा असायचाच. तो आला की पाट मोडायचा, पालखीचे भोई पळून जायचे. माझी प्रहसने पोट धरधरून पाहिली जात. तुझ्या कादंबऱ्या वाचणारा मी, अंबू, आणि तुझी हस्तलिखिते फुकट बांधून देणारा तो एक भला दफ्तरबंद. पुण्याच्या मासिकाने तुझे प्रकरण परत पाठवले, भाषा फार जुनाट आहे असे कळवून. तू ते पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलेस. मग म्हणालास, "भाषा आजोबांची आहे, ती जुनी असणारच. पण माझा नायक त्यांना आवडला की नाही, ते लिहिले नाही रे त्यांनी."

भाषेचे आपले दुःख खरेच होते. आपली मराठी घरात कोंडलेली. तिला स्वयंपाक ठाऊक, पूजा ठाऊक, रुसणे-फुगणे ठाऊक. दाराबाहेर पाऊल टाकले की तमिळ. मग पुरुषाच्या शरीराला शब्द आणायचे कुठून? आईने आंघोळ घालताना जे शब्द उच्चारले तेवढेच आपल्यापाशी, आणि ते सगळे लहान मुलाच्या अंगाचे. तू शब्द शोधत हिंडलास. नाचियार्कोविलच्या उत्सवात दगडी गरुड निघतो. गाभाऱ्यातून चार माणसे उचलतात, पण जसजसा तो पुढे येतो तसतसा जड होत जातो, आणि खांदेकरी दुपटी-दुपटीने वाढवावे लागतात. तू रस्त्याच्या कडेला सदऱ्यात उभा राहून त्या उघड्या खांद्यांकडे पाहत होतास. तुझ्या तोंडावर भक्ती होती, पण गरुडासाठी नव्हती. मग समया ओतणाऱ्या कारागिरांच्या दारात जाऊन बसलास, त्यांच्या मनगटांकडे बघत. परतताना जटक्याच्या घोडागाडीत मला विचारलेस, "खांद्याखाली मागे जे हाड पंखासारखे हलते, त्याला मराठीत काय म्हणतात?"

"खवाटा," मी म्हणालो.

"असा शब्द शिलेदाराला शोभत नाही," तू म्हणालास.

"मग तुझ्या शिलेदाराला पाठच नको. नुसती छाती राहू दे पुढे, तसबिरीसारखी."

तिथून आपले ते भांडण लागले. ते संपलेच नाही. तुला आठवते ना? कावेरीच्या पायरीवर मी म्हणालो, तुझ्या नायकांना कधी घाम येत नाही, पाठ दुखत नाही, त्यांना पडसेसुद्धा होत नाही. ते माणसे नाहीत, ती तुझी हाव आहे. आणि तुझ्या कादंबरीत बारीक माणूस आला की तो फितूर तरी असतो नाहीतर क्षयी. तिसऱ्या प्रकरणाच्या आत तू त्याला मारतोस. आजवर तुझा एकही बारीक माणूस जगलेला नाही.

तू पायरीवरचा वाळका पाला चुरडत ऐकून घेतलेस. मग शांतपणे म्हणालास, "आणि तुझा एकही जाडा माणूस मेलेला नाही, माधू. तुझ्या प्रहसनात जाड्याला मरायची परवानगी नाही. त्याची आई मरत नाही, त्याला कुणी सोडून जात नाही. तो पाटावरून पडतो आणि उठतो. तू लिहीत नाहीस, तू फक्त लोकांचे दगड चुकवतोस."

इतके खरे मला कुणी कधी बोलले नव्हते. मी म्हणालो, "ठीक. मग तू तुझ्या बरगड्या लिही."

"तू आधी पोट लिही."

"तू आधी."

त्या दिवशी हसत हसत घरी गेलो. पुढे कितीतरी संध्याकाळी तेच. मी म्हणायचो, कामात चिरडलेला वाचक पुस्तक उघडतो तेव्हा त्यात स्वतःसारखा कुणी दिसला तर त्याला धीर येईल. तू म्हणायचास, आरसा त्याच्या घरीही आहे, त्यासाठी तो पुस्तक कशाला उघडेल? "मला जे कधी मिळणार नाही ते निदान माझ्या वाक्याला मिळू दे," असे तू एकदा म्हणालास. त्यावर मला उत्तर सुचले नव्हते. आज सुचते आहे आणि ऐकायला तू नाहीस. उत्तर असे, की वाक्याला मिळाले, सेतू, पण तुझ्यासाठी काही उरले नाही. प्रत्येक शिलेदाराबरोबर तू आणखी थोडा बारीक होत गेलास. तूच घडवलेल्या माणसांच्या रांगेत तू रोज सदरा उतरवून उभा राहत होतास, आणि फीतही तूच लावत होतास.

गोठ्यामागे तू जोर काढायला लागलास, हे मला अंबूकडून कळले. कोर्टात जायच्या आधी जोर, आल्यावर बैठका. मद्रासहून कसल्याशा शक्तिवर्धक औषधाच्या बाटल्या येऊ लागल्या. मग खोकला आला. मी म्हणालो, जोर बंद कर. तू म्हणालास, छाती भरते आहे, म्हणून दुखते. छाती भरते आहे! सेतू, ती खरोखरच भरत होती.

वैशाखात ताप उतरेना तेव्हा मी जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. कावेरी आटलेली, रस्त्यावर उन्हाने कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. आम्ही आत आलो तो तू झोपाळ्यावर ताठ बसलेला, कोर्टात जायचा काळा कोट अंगात, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. कपाळावरून घामाच्या धारा. डॉक्टर भले माणूस होते. तमिळमध्ये म्हणाले, "ऐय्या, कोट काढा. छाती बघायची आहे."

"थंडी वाजते आहे," तू म्हणालास.

"एक मिनिटाचे काम. मग पुन्हा घाला."

"नुसते औषध द्या. किरकोळ ताप आहे."

डॉक्टरांनी कोटावरच नळी टेकवली, डोके हलवले आणि म्हणाले, "मला कोट ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाही."

मी म्हणालो, "सेतू, आम्ही सगळे बाहेर जातो. अंबूसुद्धा जाईल. नुसते डॉक्टर राहतील." अंबू दाराआड उभी होती. ती म्हणाली, "हवे तर डॉक्टरांचेही डोळे बांधू. पण दाखवा हो." ती चेष्टा करत नव्हती. ती रडत होती. तू माझ्याकडे पाहिलेस. ती नजर मी विसरू शकत नाही. त्यात हट्ट नव्हता. वाळूत अडकलेल्या बैलासारखी ती होती, जोर लावतो आहे आणि पाय निघत नाही. तू गुंडीला हात घातलासही. वरची एक काढलीस. मग हात तिथेच थांबला, आणि तू ती परत लावलीस.

डॉक्टर ओट्यावर येऊन मला म्हणाले, "मी पोलीस नाही, झडती कशी घेऊ? शुद्ध हरपली तर बोलवा." आणि अंदाजाने औषध लिहून दिले. शुद्ध हरपली. बोलावले. त्यांनी कात्रीने कोट कापला, सुई घालून पाणी काढले, पुष्कळ काढले. म्हणाले, आठवडाभर आधी हे झाले असते तर. एवढे म्हणून त्यांनी सुई पुसून पेटीत ठेवली.

तू गेलास, आणि मग तुला आम्ही शेवटच्या आंघोळीसाठी अंगणात घेतले. विहिरीचे पाणी काढले. भटजी, शेजारी, कोर्टातले कारकून, सगळे उभे होते. तुझे वस्त्र काढले, सेतू. सगळ्यांसमोर काढले. माझ्या मनात आले, धावत जाऊन तुझ्यावर पालथे पडावे. माझ्या एवढ्या मोठ्या अंगाचा उपयोग आयुष्यात एकदा तरी व्हावा, तुला पुरते झाकता आले असते. पण मी हातात तांब्या घेऊन उभा राहिलो, कारण पाणी घालायचे होते. मी इकडेतिकडे पाहिले. कोण हसते, कोण कुजबुजते? कुणीही नाही. सेतू, कुणी तुझ्या छातीकडे पाहतसुद्धा नव्हते. एक जण उन्हाला हात आडवा धरून उभा होता, दुसरा बांबू बांधणाऱ्यांना घाई करत होता. ज्या नजरेच्या भीतीने तू मेलास ती नजर त्या अंगणात नव्हतीच. कुठेच नव्हती. हे तुला आता कसे कळवू? मी कोणत्या दिशेला तोंड करून ओरडू?

फक्त मी पाहिले. तेही लिहिणाऱ्याच्या खोडीने. मेलेल्या मित्राकडे पाहतानासुद्धा मी शब्द शोधत होतो.

घरी येऊन लिहायला बसलो. तुझ्यावर पानभर तरी लिहायचे होते. "सेतुमाधवराव हे" एवढे लिहिले आणि पुढे हात आपोआप "उंचेपुरे" असे लिहू लागला. तो शब्द खोडला. मग एक विनोद आला, तोही खोडला. या दोन्हींखेरीज मला काही येत नाही, हे तेव्हा कळले. आपण इतकी वर्षे जे लिहिले त्यातले एक वाक्यही तुझ्या अंगाला येत नव्हते. मी माझा सदरा काढून तसाच बसलो. माझी स्वतःची छाती मी कितीतरी वेळ पाहत होतो. तिच्यासाठीही वाक्य नव्हते. मला कळेना, उद्यापासून शाळेतून सुटल्यावर मी कुठे जाऊ? कुणाला वाचून दाखवू? तू म्हणायचास तसे, "हे नुसते दगड चुकवणे आहे," असे मला कोण म्हणेल? दहा माणसे हसणारी मिळतील. तो एक माणूस कुठून आणू?

तेराव्यानंतर मी अंबूला भेटायला गेलो. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिचे केस गेले, सेतू. दहाव्या दिवशी तिलाही अंगणात बसवले आणि तिचे कुणी ऐकले नाही. पदर कपाळापर्यंत ओढलेला. मग तिने विचारले, "अण्णा, आंघोळ घालताना तू होतास ना? मला कुणी पुढे येऊ दिले नाही."

"होतो."

"कसे दिसत होते?"

मला वाटले, तोंडाविषयी विचारते. म्हणालो, "शांत. झोपल्यासारखा."

"तोंड मी पाहिले," ती म्हणाली. "अंगाचे विचारते आहे. इतक्या वर्षांत मी उजेडात त्यांना कधी पाहिले नाही. दिवा विझवल्याशिवाय सदरा काढला नाही त्यांनी. तू लिहिणारा आहेस. मला सांग. खोटे नको सांगू."

मी सांगितले. आयुष्यात पहिल्यांदाच काही न वाढवता, काही न उडवता सांगितले. म्हणालो, खांदे अरुंद होते, पुढे झुकलेले. गळ्याखालची हाडे इतकी वर आलेली, की पाणी घातले तेव्हा त्यांच्या मागच्या खळग्यात थोडे साचले. छाती मधोमध किंचित आत गेलेली, तिथे थोडेसे केस, मऊ, पोरासारखे. बरगड्या सगळ्या दिसत होत्या, डावीकडची एक जरा वाकडी. पोट पार आत. रंग हाताच्या रंगापेक्षा पुष्कळ उजळ, ऊन न लागलेला. दंडांवर मात्र, जोर काढून काढून, थोडे थोडे मांस धरू लागले होते.

ती डोळे मिटून ऐकत होती. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याची बोटे हळूहळू हलत होती, काहीतरी चाचपत असल्यासारखी. मी थांबलो तशी तिने मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "माझ्या हाताला लागायचे, तसेच."

सेतू, तिला ठाऊक होते. ती वाकडी बरगडीसुद्धा तिला ठाऊक होती. इतकी वर्षे ती सारे जाणून होती, आणि तू आपणहून उजेडात येण्याची वाट पाहत होती.